तिसऱ्या लेकराचा दाखला

गेल्या विधानसभेच्या वेळची गोष्ट. प्रचाराची गाडी आमच्या पारापाशी थांबली. भोंग्यावर बाहेरगावचा वक्ता. "त्यांच्या घरी पाच-पाच, आपल्या घरी दोनच!" मी ओसरीवर सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होते. ३१ वर्षं उपकेंद्रात नर्सबाई होते. लेकरं मोजणं हे माझं पोटापाण्याचंच काम.

गाडीशेजारी टाळ्या पिटत होता तो आमच्याच गावचा गडी. सरपंच व्हायची हौस भारी. पण ग्रामपंचायतीला दोन अपत्यांची अट आहे : १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं झालं असेल तर फॉर्म बाद. याचं तिसरं त्याच वर्षीच्या दिवाळीतलं. एका रात्री घरी आला. "सिस्टर, तारीख जराशी मांगं घ्या न बाप्पा. तुमचं काय जाते?" दिवाळीतलं पोर पोळ्याआधी कसं नेऊ? बायकोलाही तीच अट आडवी. मग त्यानं आईला उभं केलं. तिला सहा लेकरं, पण सगळी जुनी, म्हणून कायद्याला चालली. म्हातारी निवडून आली. आणि गाडीवरच्या उमेदवाराला? आमदार-खासदाराला ही अटच नाही.

हरियाणातल्या अशाच अटीवर खटला झाला होता. धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा निघाला. सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये तो मानला नाही, अट कायम ठेवली. असेल बुवा कायद्यात बरोबर. मला मात्र उपकेंद्रातला बाक आठवतो.

अंतराचं इंजेक्शन आल्यावरची गोष्ट, पाळणा लांबवायला तीन महिन्यांनी एक घ्यायचं ते. बाकावर एक बुरख्यातली अन् एक पाटलाकडची सून. एकमेकींना पाहून चपापल्या. "बीपी पायाले आली," एक म्हणाली. "मी बी." दोघींची कार्डं माझ्या खणात, कारण घरी सासूच्या हाती लागली तर कल्ला. तिथं "त्यांचं" आणि "आपलं" कुठून वेगळं काढू? सरकारी पाहणीतही १९९२-९३ साली मुसलमान बाईमागे सरासरी ४.४ लेकरं होती, २०१९-२१ ला २.४. हिंदूंची ३.३ वरून १.९. दोन्हीकडे उतारच. भोंग्यावर हे कोणी वाचत नाही.

सक्तीचं म्हणाल तर तीही घरात पाहिली. माझे वडील मास्तर. आणीबाणीत नसबंदीची केस आणल्याशिवाय पगार निघेना, शेवटी स्वतःचीच करून घेतली. १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळानं सक्तीचा कायदाच मंजूर केला होता. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून निभावलं. १९७७ ला सरकार गेलं, कुटुंब नियोजनाचं "कुटुंब कल्याण" झालं, आणि पुरुषांच्या ऑपरेशनचं नाव काढायला पुढारी धजेनात. माझ्या अख्ख्या नोकरीत पुरुषांच्या केसेस दोन हातांच्या बोटांवर मोजाव्यात. टाके बायांनाच.

भाषण संपलं. गडी माझ्याकडे वळला. "काय सिस्टर, बराबर बोलले ना साहेब?"

"माय कशी हाय तुमची?" मी विचारलं. "सहा लेकरांची माजी सरपंच?"