दुडकीतला 'टिक'

आमची घोडी शर्यतीतून निवृत्त झालेली. गोव्यात डिचोलीला आणली तेव्हा चारही पायांना पातळ अॅल्युमिनियमचे नाल होते. जांभ्याच्या वाटेवर ते बघता बघता झिजले. मग मी जाड लोखंडी नाल ठोकून घेतले, चारही एकाच घाटाचे. तीन आठवड्यांत पुढचा उजवा गायब. पुन्हा बसवला, पुन्हा तोच गेला, आणि जाताना खुराचा टवकाही घेऊन गेला. मी पावसाला बोल लावत होतो. ओल्यात खूर मऊ पडून खिळे सैल होतात, हे खोटं नाहीच.

शेवटी चोर्ला घाट उतरून बेळगावचे एक म्हातारे नालबंद, चाचा, आले. पाय न उचलताच म्हणाले, "आधी दुडकी काढून दाखव." दुडकी म्हणजे घोड्याची मंद पळण्याची चाल. मी लगाम धरून भाटातून, म्हणजे बागेतून, पळालो. "थांब. ऐकलंस?" टापांच्या मधे बारीक 'टिक'. मागच्या खुराचा शेंडा पुढच्या नालाच्या टाचेवर, म्हणजे मागच्या टोकावर, आपटत होता. दोन महिने तो आवाज मी ऐकत होतो आणि मला वाटायचं, काय ठेक्यात चालते!

मग खूर दाखवले. पुढचा भाकरीसारखा गोल, मागचा शेंड्याकडे निमुळता. निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर. "मग एकाच घाटाचे नाल कसे चालतील?"

पुढे गोल नाल, शेंड्याला एक पाकळी, म्हणजे नालाचाच वर वळवलेला, खुराला धरणारा तुकडा. मागच्याचा शेंडा चौकोनी करून नाल जरा मागे सरकवला, आणि पाकळ्या दोन, दोन्ही बाजूंना. घोळ झाला तो पुढच्या नालाच्या टाचेवरून. आधाराला ती लांब हवी, असा माझा हट्ट. "लांब ठेवलीस की मागचा पाय तिथंच अडकणार. आखूड केली तर खुराची टाच खचेल." तीनदा ऐरणीवर ठोकून, कानस फिरवून चाचांनी हवं ते माप काढलं. मागचे नाल नकोतच, हाही पर्याय होता. घोडा फक्त वाळूत फिरवणारे तसं करतात. आमची अर्धी वाट डांबरी, म्हणून ठेवले.

खूर महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढतो. पुढचा शेंडा लांबला की तो पाय उचलायला उशीर होतो, आणि मागचा त्याला गाठतो. म्हणून पाच आठवड्यांनी चाचा येतात. पुढचा उजवा अजून जागेवर आहे. घोडी दमली की मात्र उतारावर 'टिक' येतो. तेव्हा मी उतरून चालतो.