काट्याच्या कॉम्प्युटरपासून टॅलीपर्यंत

दिवाळी झाली की आमच्या पांढरकवडा-वणी पट्ट्यात कापसाची सरकी काढणारी जिनिंग सुरू होतात आणि माझा फोनही. कुठं डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारी पेटी) बंद, कुठं वजनकाट्यावर पावती निघत नाही. यंदा एका जिनिंगच्या शेठनी वेगळंच काम सांगितलं. "भाऊ, आपले कॉम्प्युटर कोणी हॅक करू शकते का, पाहून सांगा. टॅलीच्या मशीनसाठी भारीतला अँटिव्हायरस घ्याचा म्हणतो मी." टॅली म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, जिनिंगचा सगळा व्यवहार त्यात.

अशा वेळी स्कॅनर चालवायचा, त्रुटींची यादी काढायची आणि सीव्हीएसएस या मोजपट्टीवरचा ० ते १० मधला आकडा बघून वरून खाली दुरुस्त करत जायचं, ही सर्रास चालणारी पद्धत. मला ती पटत नाही. तो आकडा त्रुटी किती गंभीर एवढंच सांगतो. तिच्यातून आत शिरलेला माणूस पुढं कुठं पोचेल, हे यादीत दिसत नाही.

म्हणून आलेख काढला: कुठून आत शिरता येतं आणि तिथून पुढं कुठं, हे बाणांनी दाखवणारा. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी १९९९ मध्ये हल्ल्यांची झाडं, म्हणजे हल्ल्याच्या वाटा फांद्यांसारख्या मांडायची रीत लोकप्रिय केली. संगणकशास्त्रज्ञ जुडिया पर्ल यांची बेजियन नेटवर्क, म्हणजे एका गोष्टीमुळं दुसरी घडण्याच्या शक्यतांची जाळी (२०११ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं), त्याला जोडली की प्रत्येक बाणावर शक्यता लिहिता येते. मोठ्या नेटवर्कसाठी असे आलेख आपोआप काढणारी मलवॅलसारखी साधनं आहेत. इथं वहीचं एक पान पुरलं.

डीव्हीआर शेठच्या मोबाइलवर दिसावा म्हणून कोणीतरी राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून आत यायचं दार) उघडून ठेवलेला, पासवर्ड कंपनीचाच: ०.८. ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड कापूस घेऊन येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ: ०.३. दोन्हींपैकी एका वाटेनं कोणी आत येण्याची शक्यता १ − (०.२ × ०.७), म्हणजे ०.८६. पुढं काट्याची केबिन. कॉम्प्युटरच्या पंख्यात रुईचा थर बसलेला, मागं वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरची सिरियल केबल आणि आत विंडोज ७. वजनाचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही म्हणून बदललं नाही. मार्च २०१७ चा एमएस१७-०१० पॅच, म्हणजे मायक्रोसॉफ्टनं दिलेली दुरुस्ती, टाकलेला नाही. त्याच भोकातून मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय जगभर पसरला होता. आत आलेला इथं शिरण्याला ०.९ दिले. काट्यावरून वजनं टॅलीच्या मशीनवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये जातात आणि त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी सगळ्यांना: ०.७. याशिवाय मुनीम काकाजींना येणारे 'बिल जोडले आहे' छाप मेल, थेट टॅलीच्या मशीनवर: ०.२.

आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. नोंदलेल्या त्रुटींसाठी ईपीएसएस नावाचा आकडा बघता येतो, पुढच्या ३० दिवसांत त्रुटी वापरली जाण्याची शक्यता तो देतो. पण ड्रायव्हरला पासवर्ड पाठ असण्याची नोंद कुठल्याच यादीत नसते.

सगळं गुणून-जोडून टॅली हातची जाण्याची शक्यता ६३ टक्के आली. अँटिव्हायरसनं मेलचा धोका अर्ध्यावर आला असं धरलं तर ५९. फक्त राउटरवरचा पोर्ट बंद केला, एक रुपया न घालवता, तर ३५!

मला या पद्धतीतलं सगळ्यात आवडतं ते उलटं गणित. समजा टॅली गेलीच. सगळे काकाजींकडे बोट दाखवणार. आलेख म्हणतो, डीव्हीआर फुटलेला असण्याची शक्यता ८९ टक्के, काकाजींच्या मेलची ३२. (बेरीज शंभराच्या वर जाते, कारण दोन्ही एकदम होऊ शकतं.) डीव्हीआर शाबूत निघाला तरच मेलवरचा संशय ५७ वर चढतो. पोलिसात जायच्या आधी हे पान काकाजींच्या खिशात असलेलं बरं.

एक बाण मात्र मी फिरवला. काट्यानं टॅलीच्या मशीनवर लिहायचं, त्याऐवजी टॅलीच्या मशीननं काट्यावरचा फोल्डर नुसता वाचायचा. काम तेच, पण ०.७ चे ०.१ झाले. पोर्टही बंद केल्यावर एकूण धोका २२ टक्क्यांवर आला. फोनवर कॅमेरे दिसेनात म्हणून शेठ दोन दिवस कुरकुरले. मग व्हीपीएन, म्हणजे फक्त त्यांच्या फोनपुरती बंद वाट, बसवून दिलं.

आता उरलेल्या २२ मधला बहुतेक भाग मेलचाच. म्हणजे जो अँटिव्हायरस आधी चार टक्के कमी करत होता, तोच आता २२ चे १२ करतो. शेठना फोन केला, आता घ्या म्हटलं.

"मंग पयले नाही काऊन म्हणत होता, भाऊ?"

वही घेऊन सोमवारी जातो.