ठोसेघर, धुकं आणि अडकलेला फिल्टर

शनिवारी सज्जनगड झाला, महाप्रसाद झाला, साताऱ्यात कंदी पेढे घेऊन झाले. लिहायचंय ते रविवारच्या ठोसेघर धबधब्याबद्दल, कारण तिथे मी माती खाल्ली.

नुकताच सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्समध्ये जाणारा प्रकाश कमी करणारी काळी काच) घेतला होता, ४२०० रुपयांचा. धबधबा म्हणजे शटर स्लो, म्हणजे जास्त वेळ उघडं, आणि पाणी दुधासारखं, हे डोक्यात इतकं फिट की गाडीतून उतरल्या उतरल्या तो लेन्सवर पिळून बसवला. गॅलरीत पोचलो तर समोर नुसतं पांढरं धुकं. पाण्याचा आवाज येतोय पण पाणी कुठंय पत्ता नाही, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या तर येतानाच गायब होत्या. तासभर उभा. मागे एका ग्रुपचा स्पीकर बोंबलतोय (एवढा मोठा धबधबा गर्जतोय तो कमी पडला का यांना?), आणि आई दोनदा येऊन, "अरे भजी गार होतायत, तुझं होणारे का काही?"

आणि एकदम धुकं सरकलं. ट्रायपॉड तयारच होता, आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील, तो आकडा) १००, लेन्सचं भोक एफ/८, शटर दोन सेकंद. स्क्रीनवर बघतो तर कड्यावर कोणीतरी चादर वाळत घातलीय! थोडं पाणी असेल तर दोन सेकंद चालतात, धारा सुट्या असतात, मधेमधे काळा दगड दिसतो. जुलैतल्या ठोसेघरला दोन सेकंदांत त्याच जागेवरून इतकं पाणी जातं की सगळं एकजात पांढरंफट्ट, वर वाऱ्याने पुढच्या झाडांचा हिरवा लगदा. पाण्याचे पीळ दिसायचे तर शटर १/१२५ सेकंद तरी पाहिजे, आणि फिल्टरमधून तेवढ्यात पुरेसा प्रकाश येत नाही. म्हणजे फिल्टर काढायला हवा. आणि तो निघेना. ओले हात, आटे अडकलेले, धुकं परत यायला लागलेलं, मी कॅमेऱ्याशी कुस्ती खेळतोय आणि शेजारचे काका मोबाईलवर मस्त फोटो काढून निघूनही गेले.

शेवटी आयएसओ ६४०० केला, लेन्सचं भोक एफ/४ पर्यंत मोठं केलं, तेव्हा कुठे १/१२५ मिळालं. म्हणजे बघा, प्रकाश ६४ पट कमी करायला ४२०० रुपये मोजले आणि आयएसओ ६४ पट वाढवून तोच प्रकाश परत आणला. दोन फ्रेम मिळाल्या, मग परत पांढरं. वाढवलेल्या आयएसओमुळे फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे आहेत, पण पाणी कोसळताना दिसतंय, दगडावर आपटून उडताना दिसतंय.

येताना रस्त्याकडेला एक छोटा ओहोळ दिसला, तिथे मात्र फिल्टरसकट अर्धा सेकंद झकास जमला. भजी अर्थात गारच खाल्ली.

फिल्टर आईने काढला. पेढ्याच्या बॉक्सचा रबरबँड त्याच्या कडेला गुंडाळला आणि बरणीचं झाकण काढावं तसा फिरवला. दहा सेकंद. तेव्हा आम्ही लॉजवर होतो.