आमची वाटचाल: गादीवरून मातीत, मातीतून गादीवर

१९९८ साली परळच्या एका महापालिका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ मिळाली आणि आमचा क्लास सुरू झाला. सोळा मुलं, खाली उघडी फरशी आणि शिकवायला फक्त कराटे. मी शोतोकान या कराटेच्या शैलीतला सेकंड डॅन, म्हणजे दुसऱ्या पायरीचा ब्लॅक बेल्ट. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, पाठ; कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, पदकं. माणसाला लढायला शिकवायला एवढं पुरतं, अशी माझी पक्की समजूत होती.

ती समजूत वस्तादांनी उतरवली. ते आपल्या नातवाला सोडायला यायचे आणि दाराशी उभे राहून बघायचे. मूळचे साताऱ्याकडचे, गिरणीत साचे चालवत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, नोकरी गेली. तालीम मात्र त्यांनी सोडली नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं नाव घेताना कानाला हात लावायचे. १९५२ ला हेलसिंकीला त्यांनी आणलेलं ब्राँझ वस्तादांना घरातल्या पदकासारखं वाटे. एक दिवस ते मला म्हणाले, "मास्तर, उभ्यानं झक्कास चालतंय. पण कुणी धरलं तर काय करता?"

रविवारी त्यांनी मला तालमीत बोलावलं. त्यांचं वय अठ्ठावन्न, माझं सत्तावीस. मी ठाण मांडून उभा राहिलो. त्यांनी हात पुढे केला, तो मारायला नव्हे, माझं मनगट खाली ओढायला. मी हाताकडे बघतोय तोवर त्यांचं डोकं माझ्या बरगडीला टेकलं होतं आणि माझा पाय त्यांच्या कवेत होता. एकेरी पट. पाठीवर आदळलो, छातीतली हवा गेली. उठलो, पुन्हा पट. तिसऱ्या वेळी शहाणपणानं पाय मागे घेतला, तर ढाक मारून त्यांनी मला पार उलटा केला. माझा एक ठोसा त्यांना लागला नाही, कारण ठोसा मारायला जे अंतर लागतं ते त्यांनी मला दिलंच नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. सोळा मुलांचे आईबाप माझ्या भरवशावर पैसे देत होते.

पुढच्या महिन्यापासून वस्ताद आमचे भागीदार झाले. कागदावर काही नाही. फीमधला तिसरा हिस्सा त्यांचा, आणि दर रविवारी सगळी मुलं मातीत. काही आयांनी तक्रार केली की पांढरा गणवेश खराब होतो. वस्तादांनी त्यांना माती हातात घेऊन दाखवली: ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मळलेली, फावड्यानं रोज खालीवर केलेली, भुसभुशीत. अशा मातीत पडलेलं पोर खरचटत नाही. फरशीवर पडलेलं खरचटतं.

या धंद्यातल्या लोकांना हे सांगायला नको, पण तरी लिहितो. प्रत्येक विद्या आपल्या नियमांत लढते आणि त्या नियमांतूनच तिची खोड तयार होते. क्योकुशिन या कराटेच्या शैलीत हातानं तोंडावर मारायला बंदी, म्हणून तिथल्या भल्या भल्या गड्यांचे हात खाली राहतात. बॉक्सर पुढच्या पायावर भार देतो, कारण त्याच्या मांडीवर कुणी लाथ मारणारच नसतं. ज्यूडोत २०१० पासून थेट पाय धरण्यावर बंधनं आली, तेव्हापासून समोरून पट येतोय हे नव्या पोरांना दिसतच नाही. आणि आमचे पैलवान? चीत होऊ नये म्हणून पैलवान झटक्यात पालथा होतो. कुस्तीत ते बरोबर आहे. पण ब्राझिलियन जुजुत्सूवाल्याला, म्हणजे जमिनीवर धरून गळा आवळणाऱ्याला, पाठ दिली की मान गेलीच. उलट जुजुत्सूवाला आपणहून पाठीवर पडून पायांनी लढतो, मातीत तोच गडी दोन सेकंदांत हरलेला असतो. वस्तादांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरांना दोन्ही सांगा. कधी पालथं व्हायचं आणि कधी नाही."

मग एकेक गोष्ट जोडत गेलो. रेल्वेकडून बॉक्सिंग खेळलेले एक गृहस्थ मंगळवारी यायला लागले. पडायचं कसं हे मी स्वतः ज्यूडोवाल्यांकडे जाऊन शिकून आलो: हनुवटी छातीला, तळहातानं जमिनीला चापट, आणि श्वास सोडून. २००३ ला लालबागजवळ तळमजल्यावर गाळा घेतला आणि चाळीस मिलिमीटरच्या छत्तीस गाद्या चार हप्त्यांत आणल्या. ग्लोव्हज, पॅड धोबीतलावहून. ठोसे-लाथा मारायच्या बॅगा मात्र आम्ही स्वतः भरतो. नवे क्लासवाले बॅगेत वाळू भरतात. वाळू खाली बसते, सहा महिन्यांत बॅगेचा तळ दगड होतो आणि लाथ मारणाऱ्याची नडगी जाते. शिंप्याकडच्या चिंध्या घ्या, बटणं आणि चेन काढून टाका, थोड्या थोड्या टाकून मुद्गलानं ठेचत भरा. दोन माणसांना अख्खा दिवस लागतो. ती बॅग दहा वर्षं टिकते.

२६ जुलै २००५ ला गाळ्यात कमरेएवढं पाणी होतं. गाद्या तरंगत होत्या, बॅगा कुजल्या. त्यातून उठलो. खरा दणका पाण्यानं दिला नाही.

माझ्याकडे एक मुलगा होता. अकराव्या वर्षी आलेला, फी कधी मागितली नाही, पुढे मीच त्याला मुख्य प्रशिक्षक केला. २००९ च्या दिवाळीनंतर त्यानं रस्त्यापलीकडे, नव्या टॉवरच्या पहिल्या मजल्यावर स्वतःचा क्लास काढला. वातानुकूलित, चहूकडे आरसे. माझं हजेरीचं रजिस्टर दोन दिवस सापडत नव्हतं, ते का सापडत नव्हतं हे मला महिनाभरानं कळलं. त्यानं प्रत्येक घरी फोन केला. एका वर्षात ब्लॅक बेल्ट, अशी हमी दिली. आणि आमच्याबद्दल एकच शब्द सगळीकडे पसरवला: "खिचडी. तिथे धड कराटे नाही, धड कुस्ती नाही."

पंच्याऐंशीपैकी तीन महिन्यांत माझ्याकडे बावीस उरले. गाळ्याच्या मालकानं त्याच सुमारास डिपॉझिट दुप्पट मागितलं, कारण आजूबाजूच्या गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहत होते. मी बायकोच्या बांगड्या गहाण ठेवल्या. हे लिहिताना आजही हात थांबतो.

'खिचडी' हा शब्द मला जास्त लागला. ज्या काळ्या पट्ट्याचा तो भाव सांगत होता, तो पट्टा मुळात कराटेचा नाहीच. ज्यूडोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ ला कोदोकान ही आपली शाळा काढली, तेच जुजुत्सूच्या दोन घराण्यांमधून वेचून. काळा पट्टा त्यांच्या ज्यूडोतला. १९२२ ला शोतोकान कराटेचे जनक फुनाकोशींनी ओकिनावाहून येऊन कानोंच्याच कोदोकानात कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं, आणि पुढे गणवेश व पट्टा दोन्ही कराटेनं ज्यूडोकडून घेतलं. कोदोकानचेच माएदा १९१४ ला ब्राझीलला गेले आणि ग्रेसी घराण्यापर्यंत ती विद्या पोहोचली, तेच ब्राझिलियन जुजुत्सू. १९९३ ला डेन्व्हरला यूएफसी ही वेगवेगळ्या विद्यांच्या गड्यांची स्पर्धा पहिल्यांदा झाली, तीत त्याच घराण्यातल्या रॉइस ग्रेसीनं स्वतःपेक्षा थोराड गडी धरून, गुदमरवून हरवले. एकमेकांकडून घेतल्याशिवाय यातली एकही विद्या उभी राहिलेली नाही. हे मी त्या मुलाला बाराव्या वर्षी शिकवलं होतं.

त्या दिवसांत जे गेले नाहीत त्यांत बेस्टमधले एक कंडक्टर काका होते. त्यांची मुलगी तेव्हा दहा वर्षांची. समोरच्या क्लासनं त्यांना पहिले सहा महिने फुकट देऊ केले होते. काका ड्यूटी संपवून खाकीतच आले, पुढच्या अख्ख्या वर्षाची फी मोजून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, परवा हिला जिन्यात धक्का लागला. सहा पायऱ्या गेली. हनुवटी छातीला लावून पडली, डोकं वाचलं. मला पट्टा नको." ती पावती मी फाडली खरी, पण स्थळप्रत अजून माझ्या कपाटात आहे.

वस्तादांनी आपला हिस्सा दोन वर्षं घेतला नाही. विचारलं तर म्हणायचे, "पेन्शन आहे मला." पेन्शन नव्हती, हे मला माहीत होतं.

२०१२ नंतर बरं चाललं. २०२० च्या मार्चमध्ये बंद केलं ते त्या वर्षीच्या दसऱ्याला उघडलं. समोरच्या क्लासचा बोर्ड २०१५ लाच बदलला होता. मोठ्या अक्षरांत 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स'. त्याच्या माहितीपत्रकात कुस्ती, बॉक्सिंग, जुजुत्सू सगळं आहे. आमचा उल्लेख कुठेही नाही.

आता पालक फोन करतात, मुलाला सगळंच एकदम शिकवा म्हणतात. तसं करू नका. आधी एक विद्या धरा, निदान दोन वर्षं. घराजवळ जी चांगली शिकवली जाते ती. मग तिच्या उलट स्वभावाची दुसरी घ्या: मारणारी असेल तर धरणारी, धरणारी असेल तर मारणारी. पडायला शिकणं मात्र पहिल्या दिवसापासून. क्लास बघायला जाल तेव्हा भिंतीवरची प्रमाणपत्रं बघू नका, मुलं एकमेकांशी खरोखर झुंजतात का ते बघा, आणि झुंजल्यावर हसतात का. झुंजताना सोळा औंसांचे ग्लोव्हज, आत साडेचार मीटरची पट्टी, अंगठ्यापासून सुरू करून मनगटाला तीन वेढे. कुलूप, म्हणजे सांधा अडकवणारी पकड, लागलं की हार मानून वेळीच थोपटा. कोपराचा सांधा एकदा गेला की वर्ष जातं. आणि नखं कापा. पंचवीस वर्षं सांगतोय, नखं कापा.

वस्ताद चार वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत रविवारी खुर्ची टाकून हौद्याच्या कडेला बसायचे. त्यांचं शिसवी मुद्गल गाळ्यात दाराशी उभं आहे, बॅग भरायची असली की तेच काढतो. काकांची मुलगी आता सकाळची बॅच घेते. तिचं धरणं बघितलं की वस्तादांचं डोकं बरगडीला टेकल्याची आठवण होते. पावसाळ्याआधी तालमीतली माती बदलायची आहे. एक टेम्पो सांगून ठेवलाय, ताक आणि तेलाचं मी बघतो. हळद ती घरून आणणार आहे, काकांनीच पाच किलो दळून ठेवली आहे.