पाणी काढायचं कसं, ते आधी ठरवा

‘पहिला कस्टम लूप बांधायचाय, कुठले पार्ट घेऊ?’ हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता तुमच्यासाठी नीट लिहूनच काढतो. कस्टम लूप म्हणजे कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवायला सुटे पार्ट जोडून स्वतः बांधलेली व्यवस्था: चिपवर बसवलेला ब्लॉक उष्णता पाण्यात घेतो, पंप पाणी फिरवतो, रेडिएटर ते पंख्यांनी थंड करतो. विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये बहुतेक वेळा एक फोटो असतो. काटकोनात वळवलेल्या पारदर्शक कडक नळ्या, आत दुधाळ निळं नाहीतर गुलाबी पाणी. फोटो सुंदर असतो, पण त्यावरून पार्ट निवडू नका. साधारण वर्षभराने हे सगळं पाणी काढून, ब्लॉक तपासून, गरज पडली तर खोलून साफ करून परत भरायचंय. तो दिवस डोळ्यांसमोर ठेवून खरेदी करा. माझी बहुतेक उत्तरं तिथूनच येतात.

फक्त सीपीयू, म्हणजे प्रोसेसर थंड करायचा असेल तर कस्टम लूपच्या वाटेला जाऊ नका. तयार सीलबंद कूलर किंवा चांगला मोठा एअर कूलर पुरतो. आजच्या प्रोसेसरमध्ये नखाएवढ्या चिपमधून उष्णता निघते, वरच्या धातूच्या झाकणातून पार होते आणि मग पाण्यापर्यंत पोचते. अडतं ते त्या मधल्या टप्प्यात, त्यामुळे पाणी कितीही फिरवलं तरी फरक थोडाच पडतो. ग्राफिक्स कार्डाच्या चिपवर झाकण नसतं, ब्लॉक थेट चिपला भिडतो. शिवाय वॉट बघा: रायझन ७ ९८००एक्स३डी हा प्रोसेसर १२० वॉटचा, आरटीएक्स ४०९० हे कार्ड ४५० वॉटचं, तर ५०९० तब्बल ५७५ वॉटचं. पाण्यावर केलेला खर्च खरा वसूल होतो तो कार्डावर, आणि तो तापमानाइतकाच आवाजात कळतो.

म्हणून निवड कार्डापासून सुरू करा, आणि कार्ड घेण्याआधी त्याचा ब्लॉक मिळतो का ते बघा. सीपीयूचा ब्लॉक सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) जुळलं की बसतो. कार्डाचा ब्लॉक मात्र त्या एका सर्किट बोर्डासाठीच कोरलेला असतो. चिप तीच, कंपनी तीच, तरी दोन मॉडेलचे बोर्ड वेगळे असू शकतात. अल्फाकूल, बाइक्स्की यांसारखे ब्लॉक बनवणारे कुठला ब्लॉक कुठल्या कार्डाला चालतो याची यादी देतात. त्या यादीत तुमच्या कार्डाचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरापर्यंत, सापडलं पाहिजे. मूळ कूलर काढला तर वॉरंटी राहते का, हेही विक्रेत्याकडून लेखी घ्या.

आता रेडिएटर. पंख्याचा आवाज कमी ठेवायचा तर १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढ्या रेडिएटरमागे साधारण १०० वॉट धरा. म्हणजे ४५० वॉटचं कार्ड आणि एक प्रोसेसर यांना दोन ३६० चे, म्हणजे प्रत्येकी तीन पंख्यांचे रेडिएटर हवेत. कॉम्प्युटरच्या केसमध्ये दोन्ही खरोखर बसतात का, हे रेडिएटरची जाडी अधिक पंख्याची जाडी धरून मोजा. नुसतं ‘३६० सपोर्ट’ वाचून थांबू नका. पंखे घेताना हवा दाबून रेडिएटरच्या पात्यांमधून ढकलू शकणारे, म्हणजे चांगल्या स्टॅटिक प्रेशरचे घ्या.

इथे नागपूर-अकोल्याकडच्या मंडळींसाठी वेगळं सांगायला हवं. लूपमधलं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होत नाही. त्यामुळे कोकणातल्या दमट हवेतही ब्लॉकवर दव धरायची भीती नाही. पण मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ४० अंश असतील, तर पाणी ५० च्या पुढे जायला वेळ लागत नाही. पीईटीजी प्लॅस्टिकच्या कडक नळ्या ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात आणि फिटिंगमधून, म्हणजे नळी जोडायच्या तोंडातून निसटू शकतात. अशा घरात पीईटीजी घेऊच नका. कडक नळीच हवी असेल तर ॲक्रिलिक घ्या, आणि रेडिएटर हिशेबापेक्षा एक जास्त ठेवा.

माझं मत विचाराल तर पहिल्या लूपला मऊ नळीच घ्या, तीही काळी ईपीडीएम रबराची. पारदर्शक पीव्हीसी नळीतून प्लॅस्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन) हळूहळू पाण्यात उतरतो, नळी धुरकट होते आणि तो चिकटा ब्लॉकच्या बारीक खाचांत जाऊन बसतो. ईपीडीएममध्ये हा त्रास नाही. कापायला धारदार कटर पुरतो, एखादा तुकडा चुकला तर दुसरा कापायचा. कार्ड बाहेर काढायचं झालं की नळी वाकते, त्यामुळे अख्खा लूप मोडावा लागत नाही.

पाण्याबद्दल मात्र मी हट्टी आहे. दुधाळ रंगाचं कूलंट पहिल्या लूपमध्ये नको. त्यातले कण कालांतराने खाली बसतात, आणि सीपीयू ब्लॉकमधल्या केसाएवढ्या फटी आधी त्यांनीच तुंबतात. तयार, पारदर्शक, गंजरोधक आणि शेवाळरोधक घातलेलं कूलंट घ्या. घरच्या आरओचं पाणी चालणार नाही, त्यात क्षार उरतातच. ‘वीजवाहक नाही’ असं बाटलीवर लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका. धातूंमधून फिरता फिरता पाणी ते गुण गमावतं.

त्याच्याच जोडीला धातू. ब्लॉक तांब्याचे किंवा निकेल चढवलेले असतील तर रेडिएटरही तांब्या-पितळेचाच हवा. स्वस्तात मिळाला म्हणून ॲल्युमिनियमचा रेडिएटर मध्ये घातलात, तर एकाच पाण्यातल्या दोन धातूंत विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. अनेक सीलबंद कूलरचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात, ते खोलून वापरायचा मोह टाळा. नवा रेडिएटरही बसवण्याआधी धुऊन घ्या, आत फ्लक्स, म्हणजे सोल्डरिंग करताना लावलेलं रसायन, राहिलेला असतो.

पंप डी५ प्रकारचा घ्या, रिझर्व्हॉयर म्हणजे पाण्याच्या टाकीसकट मिळतो तो. पंप कोरडा चालला तर खराब होतो, म्हणून रिझर्व्हॉयर पंपाच्या तोंडाशी आणि वर असला पाहिजे. बाकी ‘आधी सीपीयू की आधी कार्ड’ या क्रमाची चिंता सोडा. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल तर ५०० वॉट उष्णता घेऊनही ते दोन अंशसुद्धा तापत नाही. नळी जिथून आखूड जाईल तो क्रम बरोबर.

फिटिंग जी१/४ या मापाच्या आट्याचीच असतात, तिथे गोंधळ नाही. गोंधळ नळीच्या मापात होतो. १०/१६ म्हणजे आतला व्यास १० आणि बाहेरचा १६ मिलिमीटर. त्या नळीला १०/१३ चं फिटिंग बसत नाही. यादी करून सगळी एकदम मागवा, दोन-तीन जास्तच. आपल्याकडे हा माल बहुतेक बाहेरून येतो आणि एका फिटिंगसाठी अख्खं मशीन खोळंबून राहतं.

त्या यादीत बहुतेक जण विसरतात त्या दोन गोष्टी आधी लिहा: एक टी किंवा वाय फिटिंग आणि एक बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी सोडायची-बंद करायची तोटी. लूपच्या सर्वांत खालच्या जागी हे लावायचं, पुढे नळीचा एक तुकडा जोडायचा आणि बादलीत सोडायचा. वरचं झाकण उघडल्याशिवाय पाणी नीट उतरत नाही, म्हणून रिझर्व्हॉयरचं वरचं तोंड केस न खोलता हाताला लागेल असं ठेवा. केस निवडतानाच हे बघून घेतलंत, तर हातपंपाने हवा भरून गळती तपासायलाही तेच तोंड कामाला येतं.