किती वाजले आणि किती वेळ गेला

सोमवारी सकाळी लोअर परळच्या कार्यालयात पोहोचले, तेव्हा लेखा विभागातल्या बाई मोबाइल हातात धरून माझ्या टेबलापाशी उभ्या होत्या. "अहो मॅडम, तीनदा कोड टाकला, तिन्ही वेळा चुकीचा म्हणतंय. आता खातंच लॉक झालं," त्या म्हणाल्या. आमच्याकडे लॉग-इन करताना मोबाइलच्या ॲपमधला सहा आकडी कोड द्यावा लागतो, जो दर ३० सेकंदांनी बदलतो. हा कोड कोणी कोणाला पाठवत नाही. मोबाइल आणि सर्व्हर आपापल्या घड्याळावरून तो स्वतंत्रपणे काढतात आणि दोघांच्या घड्याळांत मिनिट-दोन मिनिटांचे अंतर पडले, की कोड जुळत नाही. मी सर्व्हरवर वेळ विचारली. माझ्या मोबाइलवर ९:५२ झाले होते आणि सर्व्हरच्या मते ९:३४. ज्या शहरात माणसे ९:०३ची लोकल चुकू नये म्हणून पुलाचे जिने धावत उतरतात, तिथे आमचा सर्व्हर अठरा मिनिटे मागे राहूनही बिनघोर काम करत होता.

लोक खोळंबले होते, म्हणून मी सरळ हाताने वेळ पुढे केली. नंतरचे तीन आठवडे ज्या कामात गेले, त्याची सुरुवात या घाईतून झाली, असे म्हणायला हरकत नाही. घड्याळ एका क्षणात अठरा मिनिटे पुढे गेल्याबरोबर, आधीच आत असलेल्यांपैकी अनेकांची सत्रे संपली, कारण वीस मिनिटे हालचाल नसेल तर बाहेर काढायचे हा हिशेब आमचा प्रोग्राम घड्याळातल्या वेळेवरूनच करत असे आणि दोन-तीन मिनिटे स्वस्थ बसलेला माणूसही त्याला वीस मिनिटे बसलेला वाटला. शिवाय ९:४५ला चालायचे एक काम चाललेच नाही, कारण सर्व्हरच्या दृष्टीने त्या दिवशी ९:४५ वाजलेच नव्हते. त्याच मशीनवर क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामने, चालवायची कामे मात्र सुखरूप पार पडली. डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीतल्या क्रॉनच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलेच आहे, की घड्याळ तीन तासांहून कमी पुढे सरकले तर मधल्या वेळेत ठरलेली कामे लगेच चालवली जातात आणि मागे सरकले तर तीच कामे पुन्हा चालवली जात नाहीत. आमच्या घरच्या प्रोग्रामला हा शहाणपणा कोणी शिकवला नव्हता.

घड्याळ मागे पडले कसे, याचा शोध दुपारी सुरू केला. हा सर्व्हर म्हणजे खरे यंत्र नसून लिनक्सच्या केव्हीएम या सोयीवर चालणारी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मोठ्या यंत्रात सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक, आमच्या बोलण्यातली व्हीएम आहे. आमच्या दोन मोठ्या यंत्रांवर अशा चौदा व्हीएम चालतात. त्यांतली वेळ एनटीपीडी हा नेटवर्कवरून वेळ विचारणारा प्रोग्राम जुळवत असे. पण त्याच्या नोंदी पाहिल्या तेव्हा कळले, की रविवारी रात्री तो स्वतःच बंद पडला होता. घड्याळातला फरक १००० सेकंदांहून, म्हणजे १६ मिनिटे ४० सेकंदांहून अधिक दिसला, तर 'इथे काहीतरी मोठे बिघडले आहे, माणसाने लक्ष घालावे' असे समजून एनटीपीडी काम सोडतो. सुरू होताना एकदा ही मर्यादा ओलांडायची मुभा त्याला देता येते आणि आम्ही ती दिलेलीही होती, पण ती पहिल्या जुळवणीपुरतीच असते. त्याआधीच्या नोंदींत आणखी एक गोष्ट होती, जी आम्ही कोणी कधी वाचली नव्हती: रोज रात्री पावणेदोनच्या सुमारास त्याने घड्याळ सात-सव्वासात मिनिटांची उडी मारून पुढे आणले होते.

रात्री दीडला आमचे बॅकअप सुरू होते. पूर्वी काम केलेल्या कंत्राटदाराने लिहिलेली स्क्रिप्ट उघडली, तर ती व्हीएमला जागच्या जागी थांबवत होती, तिच्या डिस्कची फाइल कॉपी करत होती आणि मग तिला पुन्हा चालू करत होती. रोजच्या प्रतीला सात मिनिटे लागत. रविवारच्या पूर्ण प्रतीला, डिस्क भरत चालल्यामुळे, पहिल्यांदाच अठरा मिनिटे लागली होती.

थांबवलेल्या व्हीएमला आपण थांबलो होतो हे कळत नाही, ही गोष्ट वाचून ठाऊक असणे आणि डोळ्यांनी पाहणे यांत फार फरक आहे. मी चाचणीची एक व्हीएम घेतली, पाच मिनिटे थांबवली, पुन्हा चालू केली आणि आत जाऊन दोन घड्याळे विचारली. कर्नलचे, म्हणजे व्हीएममधल्या लिनक्सच्या गाभ्याचे, घड्याळ पाच मिनिटे मागे होते, तर व्हीएमला दिलेले नकली आरटीसी, म्हणजे मदरबोर्डवरच्या सेलवाल्या घड्याळाची नक्कल, अगदी बरोबर होते. कारण असे, की आरटीसी आमच्या मांडणीत यजमान यंत्राच्या, म्हणजे व्हीएम ज्यावर चालते त्या खऱ्या यंत्राच्या, वेळेबरोबर चालते. कर्नल मात्र केव्हीएम-क्लॉकवर चालत होता. केव्हीएम-क्लॉकमध्ये यजमान यंत्र एका सामाईक मेमरी-पानावर मूळ वेळ, त्या क्षणीचा प्रोसेसरच्या सतत वाढणाऱ्या टीएससी काउंटरचा आकडा आणि तो वेळेत बदलणारा गुणक लिहून ठेवते आणि पाहुणी व्हीएम काउंटर वाचून त्यावरून वेळ काढते. व्हीएम थांबली, की तिला चालवणारे क्यूईएमयू हे सॉफ्टवेअर हे घड्याळ तिथेच गोठवते आणि चालू झाली, की तिथूनच पुढे सोडते. ही चूक नव्हे, तसे जाणूनबुजून केलेले आहे. नाहीतर जागे होताच आतले झाडून सारे टायमर एकदम वाजतील.

मराठीत 'किती वाजले' आणि 'किती वेळ गेला' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मला वाटते की संगणकाच्या घड्याळांविषयी एवढेच नीट समजले तर निम्मा गोंधळ मिटतो. लिनक्समध्ये पहिल्याचे उत्तर रिअलटाइम घड्याळ देते, जे मागेपुढे करता येते. दुसऱ्याचे उत्तर मोनोटॉनिक घड्याळ देते, ज्याची गती किंचित कमीजास्त करता येते, पण ज्याला उडी मारायला लावता येत नाही. आमच्या जावा प्रोग्रामने सत्राची वीस मिनिटे मोजायला पहिले घड्याळ वापरले होते. माझ्या सहकाऱ्याने दोन दिवस बसून जिथे जिथे कालावधी मोजला जातो, तिथे पहिले घड्याळ वाचणाऱ्या करंटटाइममिलिसच्या जागी दुसरे वाचणारे नॅनोटाइम घातले आणि 'अमुक वाजता चालायचे' अशा कामांसाठी, उडी मारलेल्या वेळेतली राहिलेली कामे शोधून चालवणारा भाग लिहिला.

यावर थांबलो असतो, तर सर्वांत गंभीर दोष तसाच राहिला असता. गेले काही महिने आमच्या काही ग्राहकांना एकाच बिलाचे दोन ई-मेल जात होते, आणि आम्ही सगळे, मीसुद्धा, त्याचे खापर ई-मेल पाठवणाऱ्या कंपनीवर फोडून मोकळे झालो होतो. आता त्या ई-मेलच्या वेळा बॅकअपच्या वेळांशेजारी मांडल्या, तेव्हा मान खाली घालावी लागली. बिले पाठवण्याचे काम एक मुख्य व्हीएम करते आणि दुसरी राखीव असते. मुख्य व्हीएमकडे ६० सेकंदांचा हक्क असतो, जो ती डेटाबेसमध्ये वरचेवर वाढवून घेते. तो वाढवला गेला नाही, तर राखीव व्हीएम काम हाती घेते. मुख्य व्हीएमने आपला हक्क तपासला, अजून ४० सेकंद बाकी आहेत असे पाहिले, आणि नेमके त्याच क्षणी बॅकअपने तिला थांबवले. एका मिनिटानंतर राखीव व्हीएमने बिले पाठवली. सात मिनिटांनी मुख्य व्हीएम जागी झाली, तिच्या मोनोटॉनिक घड्याळानेही ४० सेकंद बाकी असल्याचेच सांगितले, आणि तिनेही निष्ठेने तीच बिले पाठवली.

म्हणजे 'किती वेळ गेला' या प्रश्नाचे उत्तरही व्हीएमपुरतेच खरे असते. ज्या दोन यंत्रांना एकच गोष्ट वाटून घ्यायची आहे, त्यांच्यापैकी कोणीही केवळ आपल्या घड्याळावर विसंबून 'अजून माझी पाळी आहे' असे म्हणू नये. आम्ही केलेला उपाय घड्याळाचा नव्हताच: प्रत्येक नव्या हक्काबरोबर डेटाबेस एक चढता क्रमांक देतो, बिल पाठवण्यापूर्वी त्या बिलाच्या ओळीवर हा क्रमांक नोंदवावा लागतो, आणि जुना क्रमांक घेऊन आलेल्याला किंवा आधीच नोंदलेल्या बिलाला डेटाबेस नकार देतो. नोंद झाल्यावर आणि ई-मेल जाण्यापूर्वी व्हीएम थांबलीच, तर बिल उशिरा जाईल, पण दोनदा जाणार नाही.

मग बॅकअपकडे वळले. आता व्हीएम थांबवली जात नाही. तिच्यातल्या गेस्ट एजंट या मदतनीस प्रोग्रामला सांगून फाइलसिस्टिम काही क्षणांपुरती गोठवली जाते, डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेतला जातो आणि कॉपी सावकाश होत राहते. तरीही कधी देखभालीसाठी व्हीएम थांबवावी लागलीच, तर चालू करताना व्हीएम हाताळणाऱ्या व्हर्श या साधनाच्या डोमटाइम आज्ञेने तिची वेळ तिच्याच आरटीसीवरून जुळवून घेतली जाते.

उडी टाळून घड्याळ हळूहळू वळणावर आणता येईल का, हा प्रश्न आमच्या वरिष्ठांनी विचारला आणि मी त्यांच्यासमोर कागदावर हिशेब केला. एनटीपीडी सेकंदाला जास्तीत जास्त ५०० मायक्रोसेकंद भरून काढतो. १०८० सेकंदांची तूट भरायला त्याला २५ दिवस लागतील. वेळ जुळवणाऱ्या क्रोनी या दुसऱ्या प्रोग्रामची मूळ मर्यादा पुष्कळ सैल, दर सेकंदाला साधारण त्याच्या बाराव्या भागाएवढी आहे, त्यामुळे तीच तूट तो ३ तास ३६ मिनिटांत भरील, पण तेवढा वेळ प्रत्येक सेकंद आठ टक्क्यांनी खोटा असेल. वरिष्ठ थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे एक तर उडी, नाहीतर खोटे सेकंद." तसेच आहे. आम्ही क्रोनी घेतला आणि एका सेकंदाहून अधिक फरक असेल तर पहिल्या तीन जुळवण्यांपर्यंतच उडी मारावी, ही त्याची नेहमीची मेकस्टेपची अट तशीच ठेवली. नंतरची मोठी उडी माणसाने ठरवून मारावी, असे माझे मत आहे.

व्हीएमच्या आत क्रोनी आता बाहेरच्या सर्व्हरला वेळ विचारत नाही. पीटीपी-केव्हीएम नावाचे कर्नल मॉड्यूल यजमान यंत्राचे घड्याळ व्हीएमला एका उपकरणासारखे दाखवते, आणि क्रोनी ते थेट वाचतो. दोन्ही यजमान यंत्रे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवलेली आहेत, कारण भारतीय प्रमाणवेळ तीच सांभाळते, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसारही घड्याळे तिच्याशी, एनआयसी या सरकारी माहिती-तंत्रज्ञान केंद्राशी किंवा त्यांच्याशी नाते सांगणाऱ्या सर्व्हरशी जुळलेली असावी लागतात. एका व्हीएममध्ये मात्र वेळ जुळवणारे दोघे जण सापडले: आत एनटीपीडी आणि बाहेरून कोणीतरी टाकलेली, दर तासाला वेळ बसवणारी स्क्रिप्ट. दोघे एकमेकांचे काम खोडत बसले होते. भारतीय प्रमाणवेळ १९०६मध्ये आली तरी मुंबईने तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची वेळ १९५५पर्यंत सोडली नव्हती, त्याची मला तेव्हा आठवण झाली. पण शहराला जे पेलले ते व्हीएमला पेलत नाही. ती स्क्रिप्ट मी त्याच दिवशी काढली.

विंडोजच्या एका व्हीएमचा दोष किरकोळ होता. विंडोज आरटीसीत स्थानिक वेळ आहे असे धरते, आम्ही यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, दिली होती, म्हणून ती प्रत्येक वेळी सुरू होताना साडेपाच तास मागे असे. मांडणीत यूटीसीऐवजी लोकलटाइम लिहिले आणि विषय संपला.

राहिली ती सेंटओएस ५ या लिनक्सच्या जुन्या आवृत्तीवरची हिशेबांची व्हीएम. तिचा कर्नल वेळ वाचत नाही, टिक, म्हणजे ठरावीक अंतराने येणारे ठोके, मोजतो. सेकंदाला १००० टिक यायला हवेत, आणि सकाळी यजमान यंत्रावर गर्दी झाली, की काही टिक तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. दिवसाला ४३ सेकंदांहून अधिक तूट पडली, तर एनटीपीडीची ५०० मायक्रोसेकंदांची चाल तिला पुरी पडत नाही, आणि हिची तूट त्याहून जास्त होती. डिव्हायडर हा पर्याय दहावर ठेवून टिक सेकंदाला १००वर आणले, तेव्हा ती आटोक्यात आली. तिच्यावरचे सॉफ्टवेअर बदलता येत नाही, म्हणून तिला निवृत्त करण्याची तारीख ठरेपर्यंत तिच्या आणि यजमान यंत्राच्या घड्याळांतला फरक दर पाच मिनिटांनी नोंदला जातो आणि तो दोन सेकंदांपलीकडे गेला, की माझ्या मोबाइलवर निरोप येतो. लेखा विभागातल्या बाईंनी त्या निरोपाची प्रत आपल्यालाही मागून घेतली आहे.