२७ जुलैची ओळ

"मावशी, इथे टायपिंगची चूक आहे. ही ओळ काढून टाकू?" भाचीने विचारलं. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिने २००५च्या पावसाळ्यातला सांताक्रूझ आणि कुलाब्याचा रोजचा पाऊस एक्सेलमध्ये भरला होता. २७ जुलैसमोर सांताक्रूझ ९४४ मिलिमीटर, कुलाबा ७३.

चूक नव्हती. हवामान खातं सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेला मांडतं, म्हणून २६ जुलैचा पाऊस २७ला दिसतो. त्या दिवशी मी अंधेरीहून बोरिवलीला कमरेएवढ्या पाण्यातून चालत आले. फोर्टातल्या माझ्या भावाला मात्र चर्चगेटला गाडी का लागत नाही, एवढंच कोडं पडलं होतं.

तिची अडचण खरी होती. ती ओळ ठेवली की पिअरसनचा गुणांक, म्हणजे दोन ठिकाणचा पाऊस किती जोडीने वरखाली होतो ते सांगणारा आकडा, घसरायचा, काढली की चढायचा. पिअरसन सरासरीपासूनची अंतरं घेतो आणि त्यांचे गुणाकार, वर्ग करतो. नऊशेच्या अंतरापुढे बाकी सगळ्या दिवसांचा आवाजच बंद होतो. पावसाचे आकडे तसेही एका बाजूला कललेले: बरेच दिवस थोडाथोडका, मोजकेच दिवस धो धो.

म्हणून तिला स्पिअरमन काढायला लावलं. १९०४ची पद्धत. आकड्यांच्या जागी त्यांचे क्रम घ्यायचे. ९४४ हा नुसता पहिला नंबर होतो. तो ४०० असता तरी पहिलाच. आणि कुलाब्याचे ७३ म्हणजे काही रिमझिम नव्हे, तेही यादीत वरच बसतात. दोन्ही ठिकाणी तो मोठ्या पावसाचाच दिवस होता, हे क्रम लावल्यावर दिसलं. मला ही पद्धत फार आवडते ती यासाठी. मात्र ९४४ म्हणजे काय होतं ते क्रमात उरत नाही, म्हणून त्या दिवसावर वेगळा परिच्छेद लिही, असं तिला बजावलं.

लोकलच्या प्रवाशांचा तिचा सर्व्हे सोपा निघाला. गर्दीचा त्रास १ ते ५, समाधान १ ते ५. सारखी उत्तरं ढिगाने, तिथे केंडालचा टाऊ-बी: तोही क्रमांवरच चालतो, पण बरोबरीचा हिशोब धरतो. पण 'लाइन' आणि 'तिकीट की पास' यांचाही तिने पिअरसन काढला होता! पश्चिम १, मध्य २, हार्बर ३, असे नुसत्या नावांना आकडे देऊन.

"हार्बर १ आणि पश्चिम ३ करून बघ," मी म्हटलं.

गुणांक तोच आला, फक्त अधिकचा उणे झाला. ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग काही न विचारता तिने तो रकाना पुसला आणि कोणत्या लाइनवर किती पासवाले, किती तिकीटवाले, ते मोजायला बसली. काय-स्क्वेअर (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का) आणि क्रॅमरचा व्ही (संबंध किती घट्ट) आता रविवारी.